पुस्तकांशी भांडणारी तक्षशिला

तक्षशिला पुस्तक परत करायला आली की मी आधी तिच्या कपाळाकडे बघायचे. कपाळ सरळ असेल तर पुस्तक पडलं. कपाळावर आठ्या असतील तर पुस्तक आवडलं, आणि आता मधली सुट्टी संपेपर्यंत आपली सुटका नाही हे मी ओळखून असायचे. आवडलेल्या पुस्तकाशीच ती भांडायची. न आवडलेलं गुपचूप टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या बाई. चांगलं हाय." या "चांगलं हाय" इतका कडक शेरा मी कुठल्याही समीक्षकाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मी मूळची रत्नागिरी शहरातली. नोकरीने मला खेड तालुक्यात आत, एसटी जिथे वळून परत फिरते अशा गावच्या हायस्कूलमध्ये नेऊन टाकलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर गावच्या चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाला पुन्हा बैठक बोलावण्याची हुक्की येईल. मराठी शिकवायचं आणि ग्रंथालय सांभाळायचं हे माझं काम. ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं. त्यातल्या एकाला किल्ली लागायची नाही, ते खालच्या कोपऱ्यात लाथ मारून उघडावं लागे. त्या कपाटात सगळी आत्मचरित्रं होती. उपाशी राहून शिकलेल्या, मार खाऊन उभ्या राहिलेल्या, गावकुसाबाहेरून निघून कुठल्या कुठे पोहोचलेल्या माणसांची. कुणा भल्या गृहस्थाने निवृत्तीनंतर ती शाळेला दिली होती. मुलं तिकडे फिरकत नसत. त्यांना भुतांच्या गोष्टी हव्या असायच्या.

तक्षशिला नववीत आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने ते कपाट लाथ मारून उघडलं. मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "तुमीच मारता की. मी खिडकीतून बघितलंय."

बुटकी, सावळी, घट्ट दोन वेण्या, आणि दप्तराचा एक पट्टा कायम तुटलेला. वरच्या बौद्धवाडीतून चढ उतरून यायची. आई सुवर्णा घरची थोडी भातशेती बघून दुसऱ्यांच्याही लावणीला जायची. वडील संजय मुंबईत औषधांच्या गोदामात पॅकिंगला होते. भावाच्या कुटुंबाबरोबर एका खोलीत राहायचे आणि मे महिन्यात गावी यायचे. सरळ, मितभाषी माणूस. लग्नाच्या हळदीला सगळे पुरुष मांडवामागे प्यायला गेले की हा बायकांच्या पंगतीजवळ सरबताचा पेला घेऊन बसायचा, म्हणून वाडीत त्याची थट्टा व्हायची. तक्षूचा बापावर फार जीव. त्याच्या सरबताची गोष्ट तीच मला हसत हसत सांगायची.

वाचलेलं करून बघायची तिला खोड होती. एका आत्मचरित्रातले लेखक रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मॅट्रिक झाले होते. तक्षू संध्याकाळी भूगोलाचं पुस्तक घेऊन एसटीच्या थांब्यावर, खांबाखाली जाऊन बसली. सकाळी शाळेत आली ती डावी पापणी सुजवून.

"बाई, ह्या लेखकांना किडे चावले नव्हते काय?"

"अगं, मोठी माणसं किड्यांबद्दल लिहीत नाहीत."

"पावसात दिव्याखाली बसलं की पंखवाले किडे तोंडात जातात. अख्ख्या पुस्तकात एक पण किडा नाय. म्हणजे एक तर हे उन्हाळ्यातच शिकले, नायतर विसरले." थोडं थांबून म्हणाली, "मी लिवेन तर किड्यांपासूनच सुरू करीन."

मग उपासाचा प्रयोग झाला. कुणीतरी पाणी पिऊन दिवस काढत परीक्षेत पहिले आले होते. तक्षूने डबा मैत्रिणीला देऊन टाकला. दुपारी माझ्या तासाला तिचं डोकं बाकावर टेकलं ते उठेना. मी तिला शिक्षकांच्या खोलीत नेऊन चहात बुडवून बिस्किटं खायला घातली. पुडा संपल्यावर तिला वाचा फुटली. "बाई, भूक लागल्यावर मला स्वतःचं नाव पण नीट लिवता येईना. हे पहिले कसे आले? ह्यांना कुणीतरी खायला देत असणार." आणि पुस्तक घेऊन घरी गेली. पुढच्या सोमवारी एका पानात बोट घालून धावतच आली. मला वाटलं, पोरीने चोर पकडला. शेजारच्या काकू कधीमधी भाकरी देत, असं एक वाक्य तिने शोधून काढलं होतं. "बघा! एक ओळ दिलेय त्या काकूंना. नाव पण नाय दिलं."

त्या दिवसापासून प्रत्येक पुस्तकात ती आधी ही बिननावाची माणसं शोधायची. फी भरणारे मास्तर सगळ्यांना आठवायचे. धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलेली बहीण आठवायची नाही. फोटोंच्या पानांवर कडेला उभी असलेली, पदर तोंडाशी धरलेली एखादी बाई असायची. खाली तिचं नाव नसलं की तक्षूच्या कपाळावर आठ्या चढायच्या. तिच्यापायी मलाही ही पुस्तकं पूर्वीसारखी वाचता येईनात. चांगलं ओळखीचं पुस्तक उघडावं आणि माझं आपलं सुरू, स्वयंपाक कोण करतंय?

'मला आवडलेले आत्मचरित्र' असा निबंध मी एकदा दिला. सगळ्या वर्गाने "या पुस्तकातून मला प्रेरणा मिळाली" असं लिहिलं, कारण मागच्या वर्षीच्या गाईडात तसंच होतं. तक्षूने लिहिलं होतं, "मला राग आला. प्रेरणा नंतर आली असेल, तेव्हा मी झोपले होते." मी लाल पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. शेवटी काही न खोडता पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी विचारलं तर उत्तर काय द्यायचं, हेही ठरवून ठेवलं. त्यांनी विचारलंच नाही.

मुख्याध्यापकांना घाम फोडला तो तिने पारितोषिक समारंभात. प्रमुख पाहुणे मोठे होते. संकटांनीच माणूस घडतो, गरिबी हीच खरी शाळा, असं ते अर्धा तास बोलले. मंडपाच्या मागच्या बाजूला बसलेल्या आया हातातल्या पिशव्या मांडीवर घेऊन ऐकत होत्या. भाषण संपवून पाहुण्यांनी विचारलं, "सांगा, या थोरांची चरित्रं वाचून कोण काय शिकलं?" वाचनाचं बक्षीस घ्यायला तक्षू व्यासपीठावरच उभी होती. माईक तिच्या तोंडापुढे आला.

ती म्हणाली, "कष्ट नसते तरी ही माणसं मोठी झालीच असती सर. जरा लवकर झाली असती."

मग मागच्या आयांमधली एक हसली, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या रांगा हसल्या. पाहुणे भले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्च्यांच्या मागे उभी होते. ही पोर माझी विद्यार्थिनी आहे, हे शेजारच्या अनोळखी माणसालाही मी सांगून टाकलं. त्याने विचारलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. ती दहावीत होती, त्या पावसाळ्यातली.

बौद्धवाड्यांमधून वर्षावासाच्या दिवसांत, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं. वरच्या वाडीत ते बौद्धाचार्य तानाजीकाका करायचे. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि वाचायचं कुणी हा प्रश्न आला. पुरुष बहुतेक मुंबईत. उरलेल्यांपैकी जो तो चष्म्याचा नंबर सांगू लागला. तानाजीकाका म्हणाले, "सुवर्णाच्या पोरीला बसवा. ती वाचते तवा भिंत पन ऐकते."

अशी ती वाचनाच्या आसनावर बसू लागली. समोर लाकडी चौरंग, त्यावर पांढरं कापड, त्यावर ग्रंथ. दिवसाचा ठरलेला भाग वाचून झाला की लोक उठायचे. थोड्याच दिवसांत तिने तानाजीकाकांना विचारलं, "ग्रंथ झाल्यावर थोडं दुसरं वाचू? ज्यांना जायचंय ते जातील." काका हो म्हणाले. तिने लाथेच्या कपाटातून एक आत्मचरित्र नेलं. घाटावरच्या एका परिचारिकेने उतारवयात लिहिलेलं. बाप दारूडा, आई सोसणारी, पोरगी त्यातून शिकून दवाखान्यात उभी राहिलेली. तक्षूने रोज एक प्रकरण वाचायला घेतलं. लावणीने कंबर मोडलेल्या बायका, ज्या ग्रंथ संपताच घरी पळायच्या, त्या भिंतीला टेकून बसू लागल्या.

घोटाळा झाला तो हंड्याच्या प्रकरणाला. त्या दिवशी पाऊस फार होता आणि बऱ्याच जणी उशिरा आल्या. कुणाचं हे पुस्तक, कोण ती परिचारिका, हे तक्षू रोज आधी सांगायची. ते त्यांना कळलंच नाही. त्यांनी बघितलं ते एवढंच, की ग्रंथ मिटलेला आहे आणि सुवर्णाची पोरगी मान खाली घालून सांगते आहे, "बापाने दारूसाठी आईचा हंडा उचलला. आई काही बोलली नाही. ती चुलीपुढे बसली आणि विझलेल्या चुलीत फुंकर घालत राहिली. त्या रात्री आम्ही न जेवता झोपलो."

शेजारच्या घरातल्या नव्या सुनेने, रेश्माने, मोबाइलवर एवढाच तुकडा टिपला. कौतुकानेच टिपला. किती छान वाचते म्हणून नवऱ्याला मुंबईला पाठवला. नवऱ्याने तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो संजयच्या गोदामापर्यंत जायला कितीसा वेळ लागणार!

पण त्याच्याही आधी, सकाळी सकाळी भागाआजी सुवर्णाच्या दारात उभी राहिली. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई, एकटी राहणारी. पदराखाली झाकून तिने भाकऱ्या आणि टाकळ्याची भाजी आणली होती.

"पोरगी उपाशी निजते आन् तू मना बोललीस पन नाय गं?"

सुवर्णाला आधी काही कळेना. मग कळलं आणि ती हसत सुटली. "आवो आजी, ते पुस्तकातलं हाय!" भागाआजी हसली नाही. भाकऱ्या चुलीशेजारी ठेवून आली तशी निघून गेली. तेवढ्यात फोन वाजला. तो संजयचा होता, आणि सुवर्णाचं हसू तिथेच संपलं.

मुंबईत लोकांनी त्याला बरंच ऐकवलं होतं. काय संजय, सरबत सरबत करायचास आणि गावाला हे धंदे? जन्मभर ज्याने थेंब तोंडाला लावला नाही, त्याच्या तोंडाचे वास घ्यायला लोक जवळ येऊ लागले. हे पुस्तकातलं आहे, असं बायकोने फोनवर सांगितल्यावर त्याला पटलं. पण तो म्हणाला, "मला पटून काय उपयोग? माझं नाव तर गेलं ना." तो रजा टाकून शनिवारी सकाळी खेड स्टेशनवर उतरला, घरी आला, पाणीही न पिता पोरीला म्हणाला, "सामान भर. उद्या मंडळानं बैठक बोलावलेय, तिथं सगळ्यांसमोर माफी मागायची. परवा माझ्याबरोबर मुंबईला चलायचं. जे काय शिकायचं ते तिथं शिक."

दहावीचं वर्ष. मधूनच शाळा सोडून त्या एका खोलीत, चुलत्याच्या चार माणसांत ती कुठे बसून अभ्यास करणार होती? मला हे सुवर्णाने येऊन सांगितलं. रागावली नव्हती, पण माझ्या कपाटांकडे बघून म्हणाली, "बाई, तुमची पुस्तकं लय बोलतात हो."

रविवारी दुपारी विहारात बैठक बसली. पुस्तकावर शाळेचा शिक्का, म्हणून मलाही बोलावणं होतं. मी ओली छत्री घेऊन दाराशीच बसले. मुंबई मंडळाचे अध्यक्ष मनोहरभाऊ व्हिडिओ कॉलवर हजर होते. विहारात रेंज फक्त एका खिडकीत यायची, म्हणून फोन खिडकीच्या गजाला रबराने बांधला होता. त्यामुळे अध्यक्ष सबंध बैठकभर जरा तिरके दिसत होते. संजय पुढे बसला होता, मान खाली. तक्षू बायकांमध्ये.

मी पुस्तक उघडून ते पान वाचून दाखवलं. सगळ्यांनी निःश्वास टाकले. "झालं तर मग, पुस्तकातलंच हाय," कुणीतरी म्हणालं. मला वाटलं, संपलं. खिडकीतून अध्यक्ष म्हणाले, "पुस्तकातलं असो की कशातलं, समाजात बदनामी झाली ती झाली. यापुढं विहारात ग्रंथाशिवाय काय वाचायचं नाय. आणि पोरीनं वडलांची माफी मागावी, विषय संपवावा." माना डोलल्या. माफीला काय लागतं, मलाही वाटलं मागून टाकावी.

तक्षू उठली. कपाळावर आठ्या होत्या. आधी बापाकडे वळली.

"पप्पा, तुमाला माझ्यामुळं लोक बोलले. त्याची माफी मागते. मनापासून मागते." मग तिने सगळ्यांकडे बघितलं. "आता मला एक सांगा. माझे पप्पा पीत नाय, हे वाडीत कुणाला म्हायत नाय? लहान पोरांना पन म्हायत हाय. आमच्या घरातला हंडा रोज तुमी पाणवठ्यावर बघता. तरी सगळ्यांना खरं वाटलं. इतकं लगेच कसं खरं वाटलं?"

बायका पदर सावरू लागल्या.

"मी पुस्तकं वाचते तवा मला पटायला वेळ लागतो. बाईंना विचारा, मी किती भांडते. तुमाला एका ओळीत पटलं. म्हणजे हे कुणीतरी बघितलेलं हाय. कुणाच्या घरातनं भांडं गेलं?"

"हा काय प्रश्न झाला?" खिडकीतून आवाज आला. "संजय, पोरीला बसव." संजयने मान वर केली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. हे भलतंच झालं, पोरीने हाताने सगळं घालवलं, आता हिला मुंबईला जाण्यापासून कुणी वाचवत नाही, असंच माझ्या मनात आलं.

"माझ्या."

भागाआजी बोलली होती. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती तशीच. तिच्या समोरच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. विहार बांधला तेव्हा पायाचे जांभ्याचे चिरे ज्यांनी डोक्यावरून वर आणले, त्यांतला तो पहिला माणूस.

"हंडा नाय व्हता. परात व्हती. माझ्या आयशीनं दिलेली, पितळेची." ती कुणाकडेच बघत नव्हती. "मी कुनाला बोलली नाय. कसं बोलनार? तो विहाराचा मानूस. पोरीनं वाचलं तवा मना वाटलं, हिला कसं कळलं? मग वाटलं, हिच्या पन घरात तेच चाललंय. म्हनून भाकरी नेली."

सगळ्यांच्या नजरा फोटोकडे गेल्या आणि खाली आल्या. कुणीतरी फोटोच्या दिशेने हात केला, तो उतरवायचा की काय असा. भागाआजीने ते बघितलं. "ऱ्हाऊ दे तिथंच. चिरे त्यानंच वाह्यले. ते पन खरं हाय आन् हे पन खरं हाय."

तक्षूच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. ती आजीपुढे जमिनीवर बसली. तिने विचारलं, "आजी, त्या दिवशी तुमाला कुणी जेवायला दिलं?"

"दिलं की. सोनाबायनं. तुझ्या बापाच्या आयशीनं. मागल्या दारानं आली, कुनाला कळू नाय दिलं."

खिडकीतल्या फोनची रेंज मघाशीच गेली होती. तो परत जोडायचं कुणाला सुचलं नाही. संजय उठला. कोपऱ्यातल्या माठातून पाणी काढून त्याने भागाआजीला नेऊन दिलं आणि ती पिऊन होईपर्यंत वाकून उभा राहिला. आपल्या आईचं नाव त्याने विहारात असं कधी ऐकलं नसावं. त्यानंतर बायका बोलू लागल्या. एकीमागून एक नाही, सगळ्या एकदम. मी छत्री उचलली आणि निघाले. ते माझ्यासाठी नव्हतं.

चढ उतरताना मला तिचा इतका अभिमान वाटत होता की रडू येत होतं. शिकवण्याच्या नोकरीत आपण बहुतेक वेळा काही शिकवत नाही, हे मला ठाऊक आहे. मीही तक्षूला काही शिकवलं नव्हतं, फक्त एक कपाट उघडं ठेवलं होतं, तेही कुलूप बिघडलं म्हणून. पण त्या दुपारी तिथे बसायला मिळालं, हे माझ्या नोकरीतलं मला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस आहे. आणि तरीही घरी पोहोचेपर्यंत तीच धास्ती मनात होती. परवा म्हणजे आता उद्या. सामान भरलेलं होतं.

आता ती रत्नागिरीला कॉलेजात आहे, वसतिगृहात राहते. मीही बदली घेऊन शहरात परत आले आहे. ती रविवारी मैत्रिणींबरोबर आरे-वारेला जाते आणि तिथून फोन करून कुठल्यातरी लेखकाची माझ्याकडे तक्रार करते. लाटांच्या आवाजात निम्मं मला ऐकू येत नाही. वरच्या वाडीत वर्षावासात आता ग्रंथ वाचून झाल्यावर बायका थांबतात, वाचतातही आणि सांगतातही. हे सगळं आहे. पण तक्षू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते ती त्या सोमवारची सकाळ.

मी मुद्दामच थांब्यावर गेले होते. पाऊस उघडला होता. संजय हातात छत्री घेऊन उभा, आणि शेजारी तक्षू. तिच्या पायाशी मोठी फुगलेली पिशवी, तोंड सुतळीने बांधलेली. हातात ते पुस्तक, मला परत द्यायला आणलेलं. माझ्याकडे बघून ती हसली नाही. मीही काही विचारलं नाही. विचारून उत्तर ऐकण्याचा मला धीर नव्हता.

गाडी आली, वळली, उभी राहिली. संजय पायरीवर चढला. मागे वळून त्याने हात पुढे केला. मला वाटलं, पिशवीसाठी. तक्षूलाही तसंच वाटलं, ती वाकली. पण त्याने तिच्या हातातलं पुस्तक घेतलं.

"त्या बापाचं पुढं काय झालं?" त्याने विचारलं.

तक्षू तशीच वाकलेली राहिली. मग सरळ होऊन म्हणाली, "सांगनार नाय. वाचा."

"परीक्षेआधी येईन," तो म्हणाला. "आईला सांग." आणि आत जाऊन खिडकीशी बसला. कंडक्टरने घंटा दिली. गाडी उतारावरून खाली गेली तेव्हा खिडकीत त्याची खाली झुकलेली मान दिसत होती.

मी भानावर आले ते गाडी गेल्यावर. "अगं," मी ओरडले, "पुस्तक शाळेचं आहे!"

तक्षूने पिशवी उचलून डोक्यावर घेतली होती. ती मागे न बघता चढाला लागली. "पप्पांच्या नावावर लिवा बाई!" तिथूनच ओरडली. पिशवी जड होती, तरी ती जवळजवळ पळतच होती. अकराला प्रार्थना होती, आणि गणवेश पिशवीत तळाशी होता.